माल कोणासाठी? सॉफ्टवेअरच्या धंद्यातील 'कच्चा माणूस'

दुकानदार असो वा कारागीर, माल हातात घेण्यापूर्वी तो कोणाकडे जाणार याचा अंदाज त्याला असतो. शेरवानी शिवणारा मास्टर माप घेतो. तयार कपड्यांचा कारखानदार अमुक साईजचे इतके नग असा हिशेब बांधतो. चप्पल बनविणारा शेतकऱ्याच्या पायाचा आणि कॉलेजच्या मुलीच्या पायाचा फर्मा वेगळा ठेवतो. संगणकाच्या धंद्यात मात्र बरीच वर्षे उलटा प्रकार चालत आला. माल बनविणारा वातानुकूलित खोलीत, वापरणारा गल्ल्यावर, आणि दोघांची पहिली गाठ पडायची ती तक्रारीच्या फोनवर!

आज आपल्या व्यापारी बांधवांपैकी ज्यांच्या व्यवहारात सॉफ्टवेअर शिरलेले नाही असे थोडेच सापडतील. २०१६ साली यूपीआय आले, १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, आणि बिलाचे सॉफ्टवेअर, स्टॉकचा हिशेब, मोबाईलवरची उधारीची वही हे सारे किरकोळ दुकानापर्यंत येऊन पोहोचले. त्यासाठी पैसा आपण मोजतो. तेव्हा हा माल बनविताना बनविणाऱ्याने डोळ्यांसमोर कोणता माणूस धरला होता, याची चौकशी करणे आपल्या हक्काचे आहे. आपली मुलेही आता या धंद्यात उतरत आहेत. त्यांच्यासाठीही ही माहिती उपयोगी पडेल.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत या माणसाला 'पर्सोना' म्हणतात. पर्सोना म्हणजे खरा इसम नव्हे, तर खऱ्या गिऱ्हाइकांवरून बेतलेला, नाव-गाव-स्वभाव असलेला एक काल्पनिक इसम. ही पद्धत रुजविण्याचे श्रेय अमेरिकेतील ॲलन कूपर यांना दिले जाते. मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल बेसिक १९९१ मध्ये बाजारात आले, त्याच्या मुळाशी याच गृहस्थांचे काम होते. १९८३ साली ते मोठ्या कामांचे वेळापत्रक आखणारा एक प्रोग्राम लिहीत होते. त्यासाठी त्यांनी ओळखीच्या सात-आठ जणांना भेटून त्यांचे काम समजून घेतले. त्यांत जाहिरात कंपनीत काम करणारी कॅथी नावाची एक बाई होती. त्या काळचा संगणक धीमा. प्रोग्राम तयार व्हायला लागला की कूपर जवळच्या गोल्फच्या मैदानावर फेरी मारीत आणि मनातल्या मनात कॅथीच होऊन आपल्या प्रोग्रामशी हुज्जत घालीत. हे मला कशाला हवे? हे रोज लागते का? अशा सवाल-जवाबात किती तरी अनावश्यक गोष्टी गळून पडल्या. तो प्रोग्राम पुढे कम्प्युटर असोसिएट्स या कंपनीने 'सुपरप्रोजेक्ट' नावाने विकला.

१९९५ मध्ये सेजंट नावाच्या कंपनीचे काम करताना त्यांनी हा मनातला खेळ कागदावर आणला. तिथे तीन माणसे ठरली. तयार अहवाल वापरणारा चक, स्वतः अहवाल बांधून चकला देणारी सिंथिया, आणि दोघांची यंत्रणा सांभाळणारा रॉब. तोवर वाद व्हायचा तो 'युजरला हे हवे' असा. आता प्रश्न आला, 'चकला हे हवे का?' फरक लहान दिसतो, पण मोठा आहे. 'युजर' हा रबरासारखा असतो. प्रोग्रामरला अवघड पडदा बनवायचा असेल तेव्हा तो युजर हुशार होतो, आणि मेहनत टाळायची असेल तेव्हा त्याला काहीच कळत नाही! चकला असे ताणता येत नाही. १९९९ साली कूपर यांनी आपल्या पुस्तकात ही पद्धत सविस्तर मांडली आणि मग ती सर्वत्र पसरली.

एका माणसासाठी बनविलेला माल बाकीच्यांना कसा चालेल, अशी शंका व्यापाऱ्याच्या मनात येणे साहजिक आहे. कूपर यांनी त्यावर चाकांच्या बॅगेचा दाखला दिला आहे. उभी ओढत नेण्याची चाकांची बॅग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने बनविली. ती विमानातील कर्मचाऱ्यांसाठी होती, प्रवाशांसाठी नव्हे. कर्मचाऱ्यांच्या हातात ती पाहिली आणि प्रवाशांनाही हवीशी झाली. आज स्टेशनावर हमालसुद्धा त्या बॅगेला वैतागलेला असतो.

आपल्या देशातील दाखला त्याहून जवळचा आहे. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर ठाऊक नसलेला व्यापारी विरळा. श्यामसुंदर गोयंका हे कापड गिरण्यांना यंत्रांचे सुटे भाग व कच्चा माल पुरवीत. त्यांना आपल्या हिशेबासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी मुलाला, भरत गोयंका यांना, ते बनवायला सांगितले. १९८६ मध्ये बेंगळुरूत त्यांची कंपनी सुरू झाली. त्या काळी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक देण्याची रीत होती. व्यापारी खाते ओळखतो ते नावाने. टॅलीने क्रमांकांची ही भानगडच काढून टाकली. इथे कोणी पर्सोना लिहिला नव्हता, पण समोर बसलेला बाप हा कोणत्याही पर्सोनापेक्षा पक्का होता!

सर्वांनाच असा बाप समोर मिळत नाही. महिनोन्‌महिने बाजारपेठा पालथ्या घालून गिऱ्हाईक अभ्यासायचे तर पैसा लागतो, आणि छोट्या कंपनीकडे तोच नसतो. म्हणून निघाला कच्चा पर्सोना. आपल्याकडे कच्ची वही आणि पक्की वही असते ना, तसेच हे. डॉन नॉर्मन या नामांकित डिझाईनतज्ज्ञाने २००४ साली एका लेखात मांडले की, जमलेल्या मंडळींच्या अनुभवातून पटकन बांधलेला पर्सोनाही कामाचा ठरतो, कारण त्यामुळे सर्वांचे लक्ष वापरणाऱ्या माणसावर राहते. पुढे २०१३ मध्ये जेफ गॉथेल्फ यांच्या पुस्तकाने त्याची सोपी रीत लोकप्रिय केली. कागदाची चार घरे करायची. पहिल्यात नाव आणि हाताने काढलेला चेहरा, दुसऱ्यात राहणी व सवयी, तिसऱ्यात अडचणी व गरजा, चौथ्यात आपण काय देऊ शकतो ते. प्रोग्राम लिहिणारा, पडदे आखणारा, विकणारा, तक्रारीचे फोन घेणारा, सर्वांनी बसायचे. फोन घेणाऱ्याला हटकून बोलवावे असे आमचे मत आहे. गिऱ्हाइकाचा खरा आवाज त्यानेच ऐकलेला असतो.

आता एक नमुना घेऊ. समजा, पाच जणांची एक टोळी मालेगावच्या यंत्रमागवाल्यांसाठी मजुरी व सुताचा हिशेब ठेवणारे मोबाईल ॲप बनवीत आहे. प्रत्येकाने दहा मिनिटे एकमेकांशी न बोलता लिहायचे, मग कागद एकत्र मांडायचे. सारखे सारखे एका ढिगात. त्यातून एक माणूस उभा राहतो. त्याला आपण हमीदभाई म्हणू. नाव अर्थातच काल्पनिक. वय पंचेचाळीस, चोवीस माग, शिक्षण आठवीपर्यंत, खिशात मोबाईल, घरात संगणक नाही. सूत व्यापाऱ्याचे, विणाई हमीदभाईंची, म्हणजे मजुरीचे काम. त्यांना हवे काय? आठवड्याअखेर कोणत्या कारागिराने किती कापड काढले, त्याची मजुरी किती, उचल किती वळती करायची, आणि व्यापाऱ्याच्या सुतापैकी शिल्लक किती.

इथवर कागद सुरेख दिसतो. पण प्रत्येक ओळीपुढे खूण करायची असते, हे 'माहीत आहे' की हे नुसते 'वाटते'? खुणा केल्या की कागदाचे पाणी जोखता येते. पाच जणांपैकी कोणी मालेगाव पाहिलेच नसेल तर ॲपमध्ये आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपेल. मालेगावचे माग बंद असतात शुक्रवारी! हिशेबाचा आठवडाच चुकला तर पुढचे सारे चुकले. कापड मीटरमध्ये मोजायचे की ताक्यात? पडद्यावरची अक्षरे मराठी, उर्दू की नुसते आकडे? घरात उर्दू वाचणारे आणि मराठी शाळेत शिकलेले, दोघेही असू शकतात.

आणखी एक गंमत पाहा. दुकानदारासाठी पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारी छोटी पेटी पेटीएमने २०१९ च्या सुमारास आणली व ती गल्लोगल्ली पोहोचली. का? कारण ती बनविताना समोर धरलेला माणूस बरोबर होता. हात पिठाने माखलेले, समोर गर्दी, फोन बघायला उसंत नाही, आणि कोणी खोटा फोटो दाखवून निघून जाण्याची धास्ती. तीच पेटी उचलून माग चालू असलेल्या शेडमध्ये ठेवा. तिथे शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, पेटीचे काय येणार! दुकानाच्या पर्सोनावर बेतलेला माल कारखान्यात मुका होतो.

मग सर्वांत मोठा प्रश्न. ॲपमध्ये आकडे भरणार कोण? हमीदभाई पैसे देणार हे खरे, परंतु भरणारा मुकादम असू शकतो, किंवा संध्याकाळी घरी वहीवरून उतरवून घेणारी त्यांची बारावीतली मुलगी. विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा, हा घोळ या धंद्यात जागोजागी आहे. विक्रेता खरेदीदाराला खूश करतो, त्रास भोगतो मुकादम, आणि सहा महिन्यांत ॲप बंद पडून वही परत येते. दोन माणसे निघाली तर दोन पर्सोना करावेत आणि मुख्य कोण ते ठरवावे. मुख्य माणसाचे काम अडता कामा नये, दुसऱ्याची थोडी गैरसोय चालेल. पडदा दोघांनाही सारखाच महत्त्वाचा असेल तर तो दोघांसाठी वेगळाच करावा लागतो.

या पद्धतीवर टीकाही झाली आहे. २००६ साली अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी विचारले की, काल्पनिक माणूस खरा की खोटा हे तपासायचे कसे? तो किती गिऱ्हाइकांचा प्रतिनिधी आहे, हे कोण सांगणार? आक्षेप रास्त आहे. कच्च्या पर्सोनाच्या बाबतीत तर दुप्पट रास्त. शहरातील चार सुशिक्षित माणसे खोलीत बसून 'मुस्लिम कारागीर' असे शीर्षक लिहितात तेव्हा खाली काय येईल, याची कल्पना वाचकांनी करावी. अशिक्षित, कर्जबाजारी, यंत्राला बिचकणारा. नाव लिहिले की नावामागून पूर्वग्रह चालत येतो. तीस वर्षे जरीचे काम करणाऱ्याच्या बोटांत किती गणित असते, ते त्या चार घरांत कुठेच बसत नाही. अशा कागदावरून बनलेले ॲप मोठी चित्रे आणि बाळबोध सूचना दाखवते, पण उधारीची तारीख पुढे ढकलण्याची सोय त्यात नसते.

आणि घरी बसून भरतकाम करणाऱ्या आयाबहिणी? त्यांचा पर्सोना बहुधा लिहिलाच जात नाही, कारण फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असतो. कागदावर पुरुष आला की मजुरीही त्याच्याच खात्यात जाते. हा केवळ पडद्याच्या रंगाचा प्रश्न नाही, हे ॲप बनविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

यावर उपाय एकच. कागदावर ठळक 'कच्चा' असे लिहावे, तारीख टाकावी आणि लगेच तो घेऊन बाजारात जावे. पाच-सहा कारखाने पाहावेत. 'तुम्हाला काय हवे?' असे विचारू नये, कारण या प्रश्नाला माणूस शिष्टाचाराने काहीही सांगतो. 'गेल्या आठवड्याचा हिशेब कसा केलात, तो दाखवा' असे म्हणावे. वहीच्या समासात जे खुणांनी लिहिलेले असते, तेच ॲपला शिकायचे असते. चुकीच्या ओळी खोडाव्यात, पण फाडू नयेत. आपल्याला काय वाटत होते आणि निघाले काय, हे नव्या मुलांना त्या खोडलेल्या ओळींतूनच कळते. आमच्या मते कच्च्या पर्सोनाचा खरा उपयोग हाच. विचारायचे काय, हे तो ठरवून देतो.

आता आपल्या बाजूचे. सॉफ्टवेअर विकायला कोणी आले की त्याला विचारावे, हे बनविताना आमच्यासारख्या किती जणांच्या कारखान्यात बसला होतात? आमचा शुक्रवार यात आहे का? रमजानमध्ये रात्री उशिरापर्यंत दुकान चालते, मग तारीख बारा वाजता बदलली तर गल्ला कोणत्या दिवसाचा धरणार? उत्तर देताना तो चाचरला तर महिनाभर फुकट वापरायला मागावे आणि ते मुकादमाच्या हातात द्यावे, स्वतःच्या नव्हे.

अशी एखादी टोळी चौकशीसाठी कारखान्यात आली तर तिला हाकलू नये. मात्र अर्धा दिवस कारागीर मागावरून उठणार असेल तर त्याची मजुरी आधी ठरवून घ्यावी, अनेक कंपन्या ती खुशीने देतात. वही दाखविताना उधारीवाल्यांच्या नावांवर कागद ठेवावा, आणि वहीच्या पानांचा फोटो काढू देण्यापूर्वी तो कुठे ठेवणार, ते लेखी घ्यावे.