सट्ट्याचा भाव: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

आयपीएल सुरू झाली की आयआयटीच्या मेन गेटपासून हिरानंदानीपर्यंत पवईतल्या संध्याकाळच्या गप्पांत ‘आज भाव काय?’ हा प्रश्न येतोच. गणितात तरबेज असलेली मुलंही या आकड्याला शास्त्रीय अंदाज समजतात आणि आपण त्यावर मात करू, या भरवशावर पैसे लावतात. म्हणून भाव कसा निघतो, हे आधी समजून घ्यायला हवं.

गैरसमज 1 : भाव म्हणजे जिंकण्याची खरी शक्यता.
वस्तुस्थिती : फॉर्म, खेळपट्टी, दुखापती पाहून शक्यता काढली जाते, पण बुकीचा नफा त्यात आधीच धरलेला असतो. दहा संघ सारख्याच ताकदीचे आहेत असं समजा. प्रत्येकाची विजेतेपदाची शक्यता 10 टक्के, म्हणजे 100 रुपयांवर मुद्दलासह 1,000 मिळायला हवेत. बुकी 800 देऊ करतो. दहाही संघांवर शंभर-शंभर लागले, तर त्याच्याकडे 1,000 जमतात आणि 800 जातात. करंडक कोणीही उचलो, 200 रुपये त्याचेच.

गैरसमज 2 : भाव उतरला, म्हणजे आतली बातमी आहे.
वस्तुस्थिती : भाव पैशांच्या ओघानेही हलतो. सगळे मुंबईवर लावू लागले की बुकी मुंबईचा भाव उतरवतो आणि समोरच्या संघाचा चढवतो, म्हणजे पैसे दोन्ही बाजूंना येतात आणि त्याची जोखीम घटते. महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या टोटमध्ये तर जमलेल्या रकमेतून ठरलेली कपात होते आणि उरलेले पैसे जिंकणाऱ्यांत वाटले जातात. तिथे भाव ठरवतात ते लोकांचे पैसेच. लाडक्या संघाचा भाव कमी दिसतो, त्यात चाहत्यांच्या प्रेमाचाही वाटा असतो.

गैरसमज 3 : सलग चार हरले, आता पाचवा जिंकणारच.
वस्तुस्थिती : 2015 मध्ये मुंबई इंडियन्स पहिले चार सामने हरली आणि शेवटी विजेती ठरली. 2022 मध्येही पहिले चार हरली, आणि पराभवांची रांग थेट आठवर गेली. मागच्या पराभवांची भरपाई करायला पुढचा सामना बांधील नसतो.

गैरसमज 4 : पहिल्या चारांत आलं की सगळ्यांना सारखीच संधी.
वस्तुस्थिती : पहिल्या दोघांना एक पराभव परवडतो, तिसऱ्या-चौथ्याला नाही. कोणत्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची शक्यता 60 टक्के असलेला संघ घ्या. तो तिसरा आला, तर सलग तीन विजय हवेत : 0.6 × 0.6 × 0.6, म्हणजे 21.6 टक्के. तोच संघ पहिल्या दोनांत असेल, तर सलग दोन विजयांचे 36 टक्के आणि एक हरून पुढचे दोन जिंकण्याचे 14.4, मिळून 50.4 टक्के. ताकद तीच, संधी दुपटीहून जास्त. ही पद्धत 2011 मध्ये आली. तेव्हापासून 2025 पर्यंतच्या 15 हंगामांत पहिल्या दोनांबाहेरून करंडक जिंकला तो एकट्या सनरायझर्स हैदराबादने, 2016 मध्ये.

गैरसमज 5 : ॲपवर खेळलं की कायदेशीर.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा 1887 पासून आहे. 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. जिंकलेले पैसे कोणी बुडवले, तर कोर्टात दावाही लावता येत नाही.

शक्यतेचं गणित सुंदर आहे. उरलेल्या सामन्यांचे निकाल संगणकावर हजारो वेळा खेळवून प्रत्येक संघाची संधी काढून बघा, त्यात क्रिकेट आणखी रंगतं. पण पैसे लावले की हेच गणित बुकीच्या बाजूने उभं राहतं, आणि आपली हुशारी ते बदलू शकत नाही. घरातलं कोणी यात अडकलं असेल, तर त्याला रागावण्याआधी सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करा.