एका वेतातील पिले आणि गर्भाशयातील वाटणी

शेळी खरेदी करताना आपणा शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न असतो तो हा की, हिला वेतास पिले किती होतात? तीन म्हटली की भाव चढतो. आमच्या रोहण्याच्या गोठ्यातही एका शेळीस तीन करडे झाली. पैकी एक दुसऱ्याच दिवशी गेले व उरलेली दोन अशक्त निघाली. तेव्हा या गोष्टीचा थोडा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटले.

याचा उलगडा डुकरांवरील प्रयोगांत चांगला होतो. डुकरीण एका माजात साधारणपणे १५ ते २० अंडी सोडते व त्यांतील बहुतेक फळतात. परंतु जन्मास येतात ती पिले १०-१२. काही गर्भ पहिल्या महिन्यातच जिरतात व पुढे जागा अपुरी पडल्यास आणखी काही नष्ट होतात. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील क्ले सेंटर येथील सरकारी संशोधन केंद्रात डुकरिणीच्या गर्भाशयाच्या दोन शिंगांपैकी एक शिंग व त्या बाजूचे अंडाशय काढण्यात आले. उरलेले अंडाशय जवळजवळ दोघांइतकी अंडी सोडू लागले. परंतु एका शिंगात पिले वाढली ती पुष्कळ कमी. म्हणजे बीज मुबलक असले, तरी जागेची मर्यादा सुटत नाही.

जागा म्हणजे केवळ लांबी नव्हे. वारेतून मिळणारे पोषणही होय. चीनमधील मेशान डुकरांची वार लहान, पण रक्तवाहिन्यांनी दाट असते व गर्भही लहान राहतात. म्हणून तेवढ्याच जागेत अधिक पिले पोसली जातात.

आमची उमर महसुलाच्या दप्तरात गेली. सातबाऱ्यावर वारस वाढले म्हणून क्षेत्र वाढत नाही; हिस्सा मात्र घटतो. शेळी-मेंढीच्या गर्भाशयातही वार चिकटण्याच्या गाठी ठराविकच असतात. त्या तिघांत वाटल्या गेल्या की प्रत्येकाच्या वाट्यास पोषण कमी येते व पिलू वजनाने हलके जन्मते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील सुंदरबनच्या गॅरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत उतरविला. जिला बहुधा एकच कोकरू होई, तिच्या वंशातील या ‘सुवर्णा’ मेंढीस पुष्कळदा जुळे होते. परंतु हा गुण अंडी वाढवितो, गर्भाशय वाढवीत नाही. ती कसर मालकाने खुराकाने भरून काढावयाची असते.

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. त्यात पिलाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड-दोन महिन्यांत होते. नेमक्या त्याच काळात आपण तिला कोरड्या कुटारावर ठेवतो. त्या वेळी हिरवा चारा व थोडा भरडा किंवा ढेप द्यावी, आणि जन्मताच प्रत्येक पिलास चीक पाजावा. अशक्त पिलास तर हाताने धरून पाजावा.

खरेदीच्या वेळी ‘किती झाली’ एवढ्यावर न थांबता ‘किती जगून मोठी झाली’ हेही विचारावे. आम्ही तो दुसरा प्रश्न विचारला नव्हता.