दाखल्यामागची माणसे

शाळा म्हटली की आपल्याला गुरुजी आठवतात, बाई आठवतात. परंतु मूल शाळेत घातल्यापासून ते दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत आईबापांना वारंवार उभे राहावे लागते ते कचेरीच्या खिडकीपाशी. बोनाफाईड हवे, शिष्यवृत्तीचा अर्ज आहे, नावातली चूक दुरुस्त करायची आहे, दाखला न्यायचा आहे. वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत, भारतनगरात, खेरवाडीत किंवा निर्मलनगरात कोणत्याही आईला विचारा. अशा कामांसाठी किती वेळा अर्ध्या दिवसाचा खाडा पडला, ते ती बोटांवर मोजून सांगेल. मात्र खिडकीपलीकडे बसलेली माणसे दिवसभर काय करतात, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते.

सरकारी भाषेत त्यांना ‘शिक्षकेतर कर्मचारी’ म्हणतात. मुख्य लिपिक, कनिष्ठ लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहाय्यक, शिपाई, पहारेकरी, सफाईगार हे सारे त्यात आले. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा महाराष्ट्रात १९७७ साली झाला आणि त्याची नियमावली १९८१ साली आली. या कायद्याचे संरक्षण शिक्षकाला आहे तसेच शिपायालाही आहे. नियमावलीत शिक्षकेतर पदांवरही मागासवर्गीयांसाठी राखीव जागा ठेवल्या गेल्या. आपल्या कितीतरी घरांत पहिला कायम पगार आला तो अशाच नोकरीतून.

कचेरीचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. प्रवेश, फी, हजेरीपट, मग शिष्यवृत्तीचे अर्ज. दिवाळीच्या आगेमागे दहावीचे अर्ज भरून मंडळाकडे जातात. मुंबई विभागाचे मंडळ वाशीला आहे. त्यात दरमहा सर्वांची पगारबिले करायची, सेवापुस्तके लिहायची, पेन्शनची प्रकरणे पाठवायची. २०१५ पासून ‘सरल’ प्रणाली आली, पुढे यू-डायस प्लस आले, आधार जुळवणी आली. एका विद्यार्थ्याची तीच माहिती आता अनेक ठिकाणी भरावी लागते. संकेतस्थळ बंद पडले तर पालकांचा राग निघतो तो मात्र खिडकीतल्या माणसावरच.

या सगळ्यात सर्वांत जुने आणि मोलाचे पुस्तक म्हणजे जनरल रजिस्टर. मूल दाखल होते त्या दिवशी त्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, जात यांची नोंद त्यात होते. बाकीची दप्तरे काही वर्षांनी नष्ट करता येतात, परंतु हे रजिस्टर कायम जपावे लागते. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे त्यातल्याच एका ओळीची नक्कल असते.

ही ओळ किती टिकते, याचा दाखला आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरात त्याचा क्रमांक १९१४ आहे. कुणा कारकुनाने रोजच्या कामासारखी लिहिलेली ती नोंद शाळेने जपली, म्हणून ती तारीख आज आपल्याला माहीत आहे. २०१७ पासून महाराष्ट्र शासन तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळते.

आपल्या घरच्या नोंदींचे महत्त्वही तेवढेच आहे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळू लागल्या. परंतु जातीचा दाखला काढताना मूळ जातीचा पुरावा लागतो, आणि कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून महाराष्ट्रातले असल्याचेही दाखवावे लागते. धर्मांतरानंतरच्या पिढीतील अनेकांच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असते. ते अभिमानाचेच आहे. पण मग पुराव्यासाठी आजोबांच्या शाळेचा उतारा शोधत कोकणात नाहीतर देशावर जावे लागते. तिथल्या मराठी शाळेतला कारकून जुन्या रजिस्टराची जीर्ण पाने जपून उलटतो, ओळ सापडते, आणि नातीच्या इंजिनीयरिंगच्या प्रवेशाचा मार्ग मोकळा होतो. २००१ पासून पडताळणीचा कायदा लागू झाल्यावर तर या ओळीशिवाय पुढे पाऊल पडत नाही.

म्हणून पालकांनी काही गोष्टी वेळेवर कराव्यात. मूल आठवी-नववीत असतानाच कचेरीत जाऊन रजिस्टरातली नोंद वाचून घ्यावी. नाव, आडनाव, जन्मतारीख, धर्म व जात नीट तपासावी. चूक असेल तर मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत अर्ज करता येतो. मुंबईत त्याला शिक्षण निरीक्षकांची मंजुरी लागते. शाळा सोडल्यावर हेच काम अवघड आणि वेळखाऊ होते. जुनी वसाहत पाडली जात असल्याने ज्यांना घर हलवावे लागले, त्यांनी आजी-आजोबांचे कागद प्रथम एका पिशवीत सुरक्षित ठेवावेत. आणि दाखला नाही म्हणून मुलाला घरी बसवू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला या कारणाने नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

आता शिपायाविषयी. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, शाळेत नळाला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळायचे. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच राहायची. त्याच पदावर पुढे आपल्या समाजाचे कितीतरी लोक आले. पिण्याच्या टाक्या त्यांनी भरल्या, नळ सर्वांसाठी सोडले, मधल्या सुट्टीत पडून गुडघे फुटलेल्या मुलांना पाणी पाजले. समतेचा धडा फळ्यावर लिहिला जातो तसा तो टाकीपाशीही शिकवला जातो.

हे पद आता संपत चालले आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे, ती रिकामी होतील तसतशी, रद्द करण्याचे ठरले. त्यांच्या जागी शाळेला ठोक शिपाई भत्ता द्यायचा, मुंबईसाठी तो पदामागे दरमहा १०,००० रुपये. संघटनांनी याला विरोध केला. वांद्र्यासारख्या ठिकाणी एवढ्या पैशात घरभाडेही भागत नाही. भत्त्यावरच्या माणसाला सेवापुस्तक नाही, राखीव जागा नाही, म्हातारपणची सोय नाही. ज्या दाराने आपली एक पिढी झोपडीतून पक्क्या घरात गेली, ते दार हळूहळू बंद होत आहे.

वाचकहो, शिपाई निवृत्त झाला की शाळेत हारतुरे होतात, भाषणे होतात. त्या दिवशी पालकसभेत एक प्रश्न जरूर विचारावा: यांच्या जागेवर आता कोण येणार, आणि किती पगारावर? आपल्या मुलांच्या शाळेचे दार रोज सकाळी कुणीतरी उघडतो. त्यालाही घर आहे, त्याचीही मुले शाळेत जातात.