चार मजले, एक पाइप

भाडेकरूंनी स्वतः पुढे होऊन वस्ती सुधारली असं एखादं उदाहरण शोधा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मला स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचा गव्हन हा भाग आठवला. क्लाइड नदीच्या काठची ही जहाजबांधणीची जुनी वस्ती. गव्हनचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक गोदीपासून सुरुवात करतात. मला तिथे बघायचे होते ते संडास.

टॅरनसे स्ट्रीट आणि तिच्या आसपासच्या गल्ल्यांत तळमजला धरून चार मजल्यांच्या दगडी इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. रस्त्यावरच्या दारातून आत शिरलं की बोळ लागतो, पुढे दगडी जिना, आणि प्रत्येक मजल्यावर दोन, तीन किंवा चार बिऱ्हाडं. एका खोलीचं घर, नाहीतर खोली आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीत पलंग मावेल एवढा कोनाडा असायचा आणि नवरा-बायको, कधी पोरंही, त्यात झोपायची. संडास जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, दोन-चार बिऱ्हाडांत मिळून एक. न्हाणीघर नव्हतंच. गिरगावात किंवा लालबागला चाळीत वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही.

या भाडेकरूंना लढ्याची सवय होती. 1915 साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, घरमालकांनी भाडी वाढवली. गव्हनच्या बायकांनी मेरी बार्बर यांच्या पुढाकाराने भाडं द्यायचंच बंद केलं. जप्तीला आलेल्या माणसांना त्यांनी जिन्यातच अडवलं. संप शहरभर पसरला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. युद्धकाळातल्या याच लाटेत 1918 साली मुंबईतही पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. पुढची कथाही दोन्ही शहरांत सारखीच. भाडं गोठलं, मालकाने दुरुस्तीतून हात काढून घेतला. भाडेकरूचं छप्पर टिकलं खरं, पण ते गळू लागलं.

ग्लासगो महापालिकेने यावर उपाय काढला तो पाडापाडीचा. 1957पासून शहराचे एकोणतीस विभाग सरसकट पुनर्विकासासाठी ठरवण्यात आले. हजारो कुटुंबं शहराच्या कडेला, नाहीतर उंच मनोऱ्यांत गेली. त्यांतले रेड रोडचे काही मनोरे तीस मजल्यांच्या वर होते. घरात बाथरूम आलं, पण शेजार गेला, दुकान गेलं, कामावर जायची बस लांब पडली. 1968च्या जानेवारीत वादळाने शहरभर छपरं उडाली, धुराडी कोसळली, माणसं दगावली. जुन्या इमारतींना निदान डागडुजी तरी हवी, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं.

त्याच सुमारास रेमंड यंग नावाचा वास्तुकलेचा एक विद्यार्थी गव्हनमध्ये फिरत होता. या इमारती न पाडता आणि माणसांना न हलवता घराघरात संडास-बाथरूम देता येईल का, हा त्याचा प्रश्न होता. 1972 साली स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या आधाराने तो आणि जिम जॉन्सन यांनी ‘असिस्ट’ नावाचा गट काढला. वस्तीतच एक दुकानाचा गाळा घेऊन त्यांनी कचेरी थाटली. ज्याला विचारायचं असेल त्याने दार ढकलून आत यावं आणि स्वतःच्या घराचा नकाशा टेबलावर बघावा, अशी सोय होती. यंगने या सगळ्यावर पुढे पुस्तक लिहिलं. त्याचं नाव ‘अ‍ॅनीज लू’, म्हणजे अ‍ॅनीचा संडास. चळवळीच्या इतिहासाला याहून नेमकं नाव मला सुचत नाही.

युक्ती साधी होती. पलंगाचा तो कोनाडा घ्यायचा, पुढे एक भिंत उभी करायची आणि आत कमोड, बेसिन आणि टब बसवायचा. अशा एका बाथरूममध्ये उभं राहिलं की जागेचा हिशेब लगेच समजतो. दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतात. खिडकी नाही, कारण कोनाडा इमारतीच्या पोटात आहे. दिवा लावला की पंखा सुरू होतो आणि दमट हवा नळीवाटे बाहेर जाते. पलंगाच्या लांबीचा टब जणू मापून बनवल्यासारखा बसतो.

खरी मेख आहे ती पाइपाची. कोनाडा बाहेरच्या भिंतीला लागून नसल्यामुळे मैल्याचा उभा पाइप, ज्याला आपल्याकडचे प्लंबर सॉइल पाइप म्हणतात, घरांच्या आतूनच खाली न्यावा लागतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला संडास हवा असेल, तर पाइप दुसऱ्या मजल्याच्या कोनाड्यातून, मग पहिल्या मजल्याच्या आणि तळमजल्याच्या कोनाड्यातून जाणार. मधल्या एकाने नाही म्हटलं की काम अडलं. बरं, चारही घरांची कुळकथा वेगळी. एखादा जुना भाडेकरू, एखाद्याने मालकाकडून खोली स्वस्तात विकत घेतलेली, एखादी खोली मालकाकडेच रिकामी पडलेली, आणि एखादी म्हातारी, जिला या वयात घरात धूळ आणि गवंडी नकोत. सरकारी अनुदान मिळत होतं, पण उरलेले पैसे प्रत्येकाने घालायचे होते. त्यात जमिनीच्या फळ्या उचकटल्या की खाली तुळयांना लागलेली बुरशी निघायची आणि खर्च वाढायचा.

मला या योजनेत सगळ्यांत जास्त भावला तो हाच पाइप. चार घरांना एकत्र बसून बोलण्याशिवाय त्याने मार्गच ठेवला नाही. आपल्याकडेही चाळीत अनेकांनी मोरीच्या जागी संडास करून घेतले, पण ज्याचं त्याने. मग वरच्याचं पाणी खालच्याच्या छतातून ठिबकतं आणि भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जातं. गव्हनमध्ये आधी जिन्याची बैठक व्हायची आणि मग गवंडी यायचा.

अडून बसलेल्या खोलीचं काय करायचं, या प्रश्नातूनच रहिवाशांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली. सेंट्रल गव्हन हाउसिंग असोसिएशन 1971मध्ये स्थापन झाली. ज्या मालकाला पैसे घालायचे नाहीत त्याची खोली संस्थेने विकत घ्यायची, सुधारायची आणि भाड्याने द्यायची. 1974च्या कायद्याने अशा संस्थांना भांडवली खर्चाचा मोठा हिस्सा अनुदान म्हणून मिळू लागला आणि ग्लासगोभर वस्ती-वस्तीत अशा संस्था निघाल्या. एक पौंड भरला की सभासद. व्यवस्थापन समिती रहिवाशांतूनच निवडलेली, बिनपगारी. गोदीतला फिटर, शाळेतली स्वयंपाकीण, सेवानिवृत्त बसवाहक अशी माणसं संध्याकाळी बसून निविदा उघडत, वास्तुविशारदाला उलटसुलट प्रश्न विचारत, छपराच्या पाट्या कुठल्या घ्यायच्या ते ठरवत.

एकदा समिती जमली की ती संडासावर थांबली नाही. काजळीने काळे पडलेले दगड धुतले गेले. मागच्या अंगणांत कचऱ्याच्या कोठड्या आणि चिखल असायचा. तिथे हिरवळ, कपडे वाळत घालायची जागा आणि मुलांना खेळायला मोकळीक झाली. पुढे मोठ्या कामांसाठी घरं काही काळ रिकामी करावी लागली, तेव्हा बऱ्याच संस्थांनी रहिवाशांना त्याच वस्तीत तात्पुरतं घर दिलं आणि परत आणलं. मुंबईत संक्रमण शिबिरात दशकानुदशकं अडकलेल्या कुटुंबांना याचं मोल नीट कळेल.

इथे पॅट्रिक गेडिस यांची आठवण होते. हा स्कॉटिश विचारवंत 1919पासून काही वर्षं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. जुनी वस्ती सरसकट तोडू नका, जिथे दुखतं तिथेच चाकू चालवा, हे तो भारतातल्या शहरांना सांगत फिरला. त्याच्या मायदेशाला ते पटायला अर्धं शतक लागलं. आपण अजून ऐकलेलं नाही.

गव्हनची ही घडी आज तशीच बसलेली आहे, असं मात्र नाही. 1980मध्ये स्कॉटलंडच्या सार्वजनिक भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला. अनेकांनी घेतलं आणि त्यातली बरीच घरं पुढे खासगी घरमालकांच्या हाती गेली. 2016मध्ये हा हक्क रद्द झाला, तोवर एका जिन्यात पुन्हा तीन-चार प्रकारचे मालक झाले होते. छप्पर गळतं आणि परगावी राहणारा मालक पत्राला उत्तर देत नाही. 2004च्या कायद्याने जिन्यातल्या बहुमताने दुरुस्ती ठरवता येते, पण ठराव झाला म्हणून पैसे गोळा होतातच असं नाही. ग्लासगोच्याच गव्हनहिल या दुसऱ्या भागात तर तिथल्या संस्थेला सरकारी मदतीने शेकडो घरं खासगी मालकांकडून पुन्हा विकत घ्यावी लागली. पन्नास वर्षांपूर्वीचंच काम, आताच्या किमतीत.

इमारतीही शंभरी ओलांडून गेल्या आहेत. मऊ वाळूच्या दगडावर मागच्या पिढीने जिथे सिमेंटचा गिलावा मारला, तिथे ओल आत कोंडली आणि दगड पापुद्र्यांनी सुटू लागला. थंडीत घर उबदार ठेवायचा खर्च गरिबाला झेपत नाही. त्यातच नियामकाच्या अटी वाढल्या, हिशेब किचकट झाले. आणि मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती समितीच्या खुर्च्यांची. ज्यांनी जिन्यातला संडास वापरला होता ती पिढी संपत आली. ज्यांना घर मिळालं तेच बाथरूमसकट, त्यांनी हिवाळ्याच्या रात्री बैठकीला का यावं?

माणसं आणि पैसा दोन्ही कमी पडले की लहान संस्था मोठ्या संस्थेत विलीन होते. डेनिस्टन भागातली रीडव्हेल ही 1975ची संस्था, पाडापाडीला विरोध करून उभी राहिलेली. तिची घरं ब्रिटनभर पसरलेल्या एका मोठ्या संस्थेकडे सोपवायचा प्रस्ताव खुद्द तिच्याच समितीने मांडला. कायद्याप्रमाणे भाडेकरूंचं मत घ्यावं लागलं. 2023च्या डिसेंबरमध्ये भाडेकरूंनी बहुमताने नकार दिला. संस्था वस्तीच्या हातात राहिली. अर्थात ती चालवण्याचा भारही वस्तीवरच राहिला आणि छपरांचा खर्च मताने कमी होत नाही. तरी हा निर्णय योग्य होता, असं माझं मत आहे. विलीन झालेल्या संस्थेतही तक्रार नोंदवता येते, पण निविदा उघडणाऱ्या टेबलाशी बसता येत नाही.

रेड रोडचे शेवटचे मनोरे 2015मध्ये सुरुंग लावून पाडले. त्यांचं आयुष्य पन्नास वर्षांचंही झालं नाही. मोडकळीला आल्या म्हणून ज्या दगडी इमारतींना नावं ठेवली जात होती, त्यांत आजही लोक राहतात.

मुंबईत दुरुस्ती मंडळाचा कायदा 1969 साली झाला, तेव्हा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती होत्या 19,642. त्यांच्या भाडेकरूंना आज जी संमती मागितली जाते ती एकदाच, इमारत पाडायला, आणि एक्कावन्न टक्के सह्या झाल्या की पुरे. आपल्या सगळ्याच इमारती वाचतील असं मी म्हणत नाही; कित्येकींच्या तुळया आता टेकूवर आहेत. पण ज्या अजून सरळ उभ्या आहेत, त्यांच्या रहिवाशांना माझी विनंती आहे. संमतिपत्र समोर आलं की सही करण्याआधी जिन्याची एक बैठक घ्या आणि विकासकाला न बोलावता एका अभियंत्याला बोलावून विचारा, की आमच्या घरांतून वरपासून खालपर्यंत एक पाइप नेता येईल का?