विसरलेली नळी आणि आठवण देणारी नोंद

बदलापुरास हेंद्रेपाड्यासारख्या वस्तींत घरांतील वडील माणूस अत्यवस्थ झालें, म्हणजे आधीं जवळचें शुश्रूषागृह, मग उल्हासनगरचें मध्यवर्ती रुग्णालय, नाहींतर थेट मुंबई, अशी धावपळ होते. रुग्णाबरोबर त्याच्या मूत्राशयांत घातलेली नळीहि प्रवास करते. ती कोणत्या दिवशीं व कशासाठीं घातली, हें मात्र पुष्कळदां मागेंच राहतें.

या नळीस कॅथेटर म्हणतात. लघवी अडली, मोठी शस्त्रक्रिया झाली, किंवा लघवी तासातासानें मोजावयाची असली, तर तिच्यावांचून गत्यंतर नसतें. फ्रेडरिक फोली या अमेरिकन शल्यवैद्याच्या नांवाची, टोकाशीं फुगा असलेली नळी १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आली. फुग्यामुळें ती निसटत नाहीं. हाच तिचा गुण, आणि दोषहि हाच. कारण जें निसटत नाहीं तें विसरलें जातें! नळीच्या अंगावर जंतू चिकट थर धरून राहतात व औषध तेथवर नीट पोंचत नाहीं. नळी आंत असतां दररोज सुमारें ३ ते ७ टक्के रुग्णांच्या मूत्रांत जंतू नव्यानें सांपडूं लागतात. ते सर्वच आजारी पडत नाहींत. परंतु कांहींस ताप भरतो, आणि क्वचित् जंतू रक्तांत शिरून प्राणावर बेततें.

तेव्हां गरज सरतांच नळी काढावी, हा उपाय उघड आहे. पण २००० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, दर शंभरांपैकीं २८ प्रसंगीं डॉक्टरांस रुग्णाला नळी असल्याची जाणीवच नव्हती. पांघरुणाखालील वस्तु कोणाच्या लक्षांत राहणार?

संगणकावरील रुग्णनोंद येथें उपयोगी पडते. नळी घालतांना दिवस व कारण नोंदविलें, कीं मुदत उलटतांच पडद्यावर प्रश्न उमटतो : नळी अजून हवी काय? अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयांनीं हा प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. प्रथम नळी काढण्याचा हुकूम देण्यास सात वेळां कळ दाबावी लागे; पुढें तें काम दोन वेळांवर आणलें. दर १,००० रुग्ण-दिवसांमागें संसर्गाचें प्रमाण ०.८४ होतें, तें पहिल्या प्रश्नानें ०.७० वर व सोप्या केलेल्या प्रश्नानें सुमारें ०.५० वर आलें. यंत्र तेंच, माणसें तींच; प्रश्न तेवढा सुटसुटीत झाला. याउलट इशाऱ्यांची गर्दी झाली, तर डॉक्टर ते न वाचतांच मिटवितात.

आपल्या देशांत २७ सप्टेंबर २०२१ रोजीं आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ झाला. चौदा अंकी क्रमांकाच्या आधारें, रुग्णाच्या संमतीनें, एका रुग्णालयांतील कागद दुसऱ्यास पाहतां येतात. मात्र क्रमांक स्वतः कांहीं विचारीत नाहीं. नळीची तारीख कोणीतरी लिहावीच लागते. संगणक नसेल तेथें खाटेवरील तक्त्यावर ती लिहिली तरी चालतें.

घरच्या मंडळींनींहि सकाळच्या फेरीच्या वेळीं विचारावें, ‘डॉक्टरसाहेब, नळी आज हवी आहे का?’ स्वतः मात्र ती ओढूं नये. फुग्यांतील पाणी काढल्यावांचून ओढलेली नळी मूत्रमार्गास जबर इजा करते.