विलंबाचे मूळ

संगणकाच्या प्रत्येक मोठ्या आज्ञावलीबरोबर तिची माहितीपुस्तिका द्यावी लागते. ही पुस्तिका शेकडो लहान फायलींमध्ये साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेली असते. या मूळ फायली वाचून, त्यांतील परस्परसंदर्भ जुळवून, वाचनीय पाने सिद्ध करण्याचे काम दुसरी एक आज्ञावली करते. ‘स्फिंक्स’ ही त्यांपैकीच एक होय. पायथन या संगणकभाषेच्या पुस्तिकांसाठी गेऑर्ग ब्रांड्ल यांनी ती रचली आणि २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

पुस्तिका वाढत जाते तसा ती सिद्ध होण्यास लागणारा वेळही वाढतो. हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे. एक शब्द सुधारून त्याचा परिणाम पाहण्यासाठी बराच वेळ थांबावे लागले, तर लेखक तपासणीचा कंटाळा करू लागतो आणि चुका तशाच वाचकापर्यंत पोचतात.

अशा वेळी सर्वच फायली थोड्याथोड्या सुधाराव्यात असे वाटणे साहजिक आहे. परंतु विलंब सर्वत्र सारखा वाटलेला नसतो. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान भाषेतील आज्ञावल्यांची पाहणी केली, तेव्हा एकूण वेळेपैकी निम्म्याहून अधिक वेळ सामान्यतः आज्ञावलीच्या ४ टक्क्यांहूनही लहान भागात खर्च होतो, असे त्यांना आढळले. फायलींच्या बाबतीतही असेच घडू शकते. समजा, १०० फायलींना एकूण १२० सेकंद लागतात आणि त्यांपैकी एकटीच ४८ सेकंद घेते. उरलेल्या ९९ फायलींचा वेळ चतुर्थांशाने घटविला, तर १८ सेकंद वाचतील; त्या एका फायलीचा वेळ ६ सेकंदांवर आणला, तर ४२ सेकंद वाचतील. म्हणून सुधारणेपूर्वी मोजणी हवी.

या मोजणीसाठी स्फिंक्समध्ये २०२० पासून ‘ड्यूरेशन’ नावाचे पूरक साधन उपलब्ध आहे. मांडणीच्या फायलीत त्याचे नाव नोंदविले की प्रत्येक फायलीच्या वाचनाचा वेळ मोजला जातो आणि शेवटी सर्वांत मंद फायलींची यादी मिळते. मात्र एक दक्षता आवश्यक आहे. स्फिंक्स पूर्वी वाचलेल्या फायलींचे फलित जपून ठेवते आणि पुढच्या वेळी केवळ बदललेल्या फायली वाचते. म्हणून मोजणीच्या वेळी सर्व फायली नव्याने वाचण्यास सांगावे लागते.

यादी हाती आली तरी निवाडा घाईने करू नये. काही फायली आज्ञावलीचा एखादा विभाग प्रत्यक्ष उघडून त्यातील माहिती घेतात. तो विभाग एकदा उघडला की पुढील फायलींना आयता मिळतो. म्हणजेच सर्वांचा भार पहिल्या फायलीच्या नावावर पडतो. ती फाइल तात्पुरती बाजूला ठेवून पुन्हा मोजावे. विलंब दुसऱ्या फायलीच्या नावावर गेला, तर दोष त्या सामाईक विभागात आहे. विलंब नाहीसा झाला, तर दोष त्याच फायलीत आहे, असे समजावे. मग तिचा अर्धा मजकूर वगळून पाहावा आणि ज्या अर्ध्यात विलंब सापडेल त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. १,००० ओळींतून नेमकी ओळ शोधण्यास अशा सुमारे १० फेऱ्या पुरतात.

हे साधन केवळ वाचनाचा काळ मोजते, पाने लिहिण्याचा नव्हे. यादीतील बेरीज एकूण वेळेपेक्षा फारच कमी भरली, तर विलंबाचे मूळ पुढील टप्प्यांत शोधावे.