मुलांच्या चुका कुणाच्या दप्तरात?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरात आले तेव्हा चर्चा रंगली ती समाजमाध्यमांची आणि कोट्यवधींच्या दंडाची. पालकांनी खरं तर नियमांचं चौथं परिशिष्ट वाचायला हवं. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची पडताळता येणारी संमती हवी, त्याच्या वागण्यावर पाळत ठेवू नये, असं कायद्याचं नववं कलम सांगतं. चौथं परिशिष्ट शाळांना यातून सूट देतं. पाळत शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी असली की पुरे!

सुरक्षिततेचं पटतं. पण ‘शैक्षणिक काम’ कशाकशाला म्हणायचं?

वर्गात फळ्यावर शिकायचं आणि घरी मोबाइलवर उजळणी करायची, ही मिश्र पद्धत आता रुळली आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’वरचा धडा उघडतो. वहीत चुकलेलं गणित खोडून टाकता येतं. अशा साधनांत मात्र ते किती वेळा चुकलं, मूल कुठे अडलं, रात्री किती वाजता बसलं, हे सगळं नोंदवता येतं. अपूर्णांक कुणाला जमत नाहीत हे बाईंना त्यातून चटकन कळतं, आणि भरगच्च वर्गात ही मदत मोलाची आहे. पण बाईंचं काम झाल्यावरही ती नोंद उरतेच.

उरलेल्या नोंदींचं काय होतं, ते ‘दीक्षा’नेच दाखवून दिलं. २०१७ साली सुरू झालेलं हे सरकारी व्यासपीठ टाळेबंदीत घरोघरी पोचलं. मे २०२२मध्ये ‘ह्युमन राइट्स वॉच’ या मानवी हक्क संघटनेने ४९ देशांतल्या दीडशेहून अधिक शैक्षणिक साधनांची तपासणी जाहीर केली. त्यांतल्या ८९ टक्के साधनांची माहिती हाताळण्याची पद्धत मुलांच्या हक्कांना बाधक किंवा धोक्याची ठरली. ‘दीक्षा’चं अ‍ॅप मुलाचं नेमकं ठिकाण टिपू शकतं, हेही त्यात होतं. पुढच्याच जानेवारीत ‘वायर्ड’ नियतकालिकाने बातमी दिली: ‘दीक्षा’चा एक क्लाउड सर्व्हर वर्षाहून अधिक काळ उघडा पडला होता. त्यावर दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावं, फोन, ईमेल होते. सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची नावं, शाळा आणि अभ्यासातली प्रगती होती. यात कुणी हॅकरने कुलूप तोडलं नव्हतं. कुलूपच नव्हतं.

संमतीची कथाही फारशी वेगळी नाही. विद्यार्थ्याला मिळणारा, आधारशी जोडलेला बारा अंकी ‘अपार’ क्रमांक कागदोपत्री ऐच्छिक आहे. पण मुलाच्या हाती शाळेनेच फॉर्म दिला, तर ‘नाही’ लिहायला किती पालक धजावतील? वर्षभर मूल त्याच शाळेत बसणार असतं. अशा सहीला मोकळी संमती म्हणणं कठीण आहे.

तरी पालकाने आवाज उठवला तर फरक पडतो. डेन्मार्कमधल्या हेल्सिंगोर शहरात एका पालकाने शाळेतल्या गूगलच्या साधनांबद्दल तक्रार केली. चौकशीअंती जुलै २०२२मध्ये तिथल्या डेटा प्राधिकरणाने नगरपालिकेच्या शाळांत गूगलची साधनं वापरायला बंदी घातली, कारण मुलांना असलेला धोका नगरपालिकेने नीट तपासलाच नव्हता. जबाबदारी आधी शाळा चालवणाऱ्यांची, हे त्या प्राधिकरणाने बजावलं. आपल्याकडच्या कायद्याच्या मुख्य तरतुदी मे २०२७मध्ये लागू होतील. तोवर थांबायचं कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. अ‍ॅप कोणत्या कंपनीचं, त्यात मुलाचं काय काय साठतं आणि वर्ष संपल्यावर ते कोणत्या तारखेला पुसणार, हे त्यांनी पुढच्याच बैठकीत लेखी मागावं.